पिमबाईंच्या परसातली होळी

मी आमच्या गावसमितीच्या अध्यक्षांना जाळायला निघालो होतो ही गोष्ट साफ खोटी आहे, हे सगळ्यात आधी सांगून टाकतो. पोस्टातल्या क्विलबाई ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तिकिटांबरोबर फुकट वाटतात. पबमध्ये ती दर शनिवारी थोडी थोडी वाढते. परवा तर मार्लबरीच्या दातांच्या डॉक्टरने माझं तोंड पूर्ण उघडं असताना मला विचारलं, "अध्यक्षांना पेटवणारे ते तुम्हीच का?" तोंडात कापूस कोंबलेला माणूस काय खुलासा करणार? तेव्हा तो इथे करतो.

आमच्या खालच्या टिडलकोटमध्ये दर पाच नोव्हेंबरला गावच्या मैदानावर होळी पेटते. ती सगळ्या इंग्लंडभर पेटते. चारशे वर्षांपूर्वी पार्लमेंट उडवायला निघालेल्या एका इसमाचा गवती पुतळा तिच्यावर चढवायचा, तो जळताना ओरडायचं आणि सॉसेज खाऊन घरी जायचं, इतका साधा मामला. पण आमच्या डोक्यावर टेकडीवर वरचं टिडलकोट आहे. त्यांची होळी आमच्यापेक्षा उंच असते असं ते म्हणतात. ती टेकडीवर असल्यामुळे उंच दिसते, हे मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक या नात्याने पबमध्ये फळ्याशिवाय जितकं समजावता येईल तितकं समजावलं आहे. आमच्या गावाचा अभिमान एवढाच की आमची होळी जुनी, आणि ती आजवर एकदाही चुकलेली नाही.

या वर्षी ती चुकायची वेळ आली. गावसमितीचे अध्यक्ष गॉडफ्री ऑर्मरॉड यांनी मैदानावर क्रिकेटसाठी नवी हिरवळ लावून घेतली होती. सप्टेंबरच्या सभेत त्यांनी जाहीर केलं, "हिरवळीवर जाळ होणार नाही. विषय संपला."

"म्हणजे आम्ही वरच्या टिडलकोटला जाऊन त्यांची होळी बघायची का?" मागून कुणीतरी ओरडलं. सभागृहात असा काही कण्हण्याचा आवाज झाला की पाद्रीसाहेब दचकून जागे झाले.

आणि मी उभा राहिलो. का राहिलो ते सांगतो, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. आम्ही, म्हणजे मी लायनल पॉटिंजर आणि माझी बायको हेस्टर, वीसेक वर्षांपासून या गावात आहोत. आमच्या आधी त्या घरात पिमबाई राहत. पिमबाई वारल्या, त्यानंतर आम्ही घर घेतलं. छप्पर मी नवं घातलं, खिडक्या नव्या बसवल्या, पिमबाईंच्या वेळचा आता एक दमट वास तेवढा उरला आहे. तरी आजही ते "पिमबाईंचं घर", आणि मी "पिमबाईंच्या घरातले ते नवे". मी चर्चच्या घंटेसाठी जत्रेत केक विकले, तळं उपसायला चिखलात उतरलो, नाताळच्या नाटकात उंटाचे मागचे पाय झालो. कुणी एकदा सहज "आमचे पॉटिंजर" म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. ती फार मोठी होती असं मला आजही वाटत नाही.

"माझं परस मोठं आहे," मी म्हणालो. "होळी तिथे होऊ द्या."

हेस्टरने खालून माझा कोट ओढला, पण शब्द निघून गेला होता. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. ऑर्मरॉड चष्म्यावरून बघत म्हणाले, "समिती आपली आभारी आहे, मिस्टर... अं... पिमबाईंच्या घरातले."

दुसऱ्या दिवसापासून गाव माझ्या परसात लाकूडफाटा आणू लागलं. लाकूडफाटा हा शब्द मी सभ्यपणे वापरतो आहे. पहिल्याच सकाळी एक सोफा आला. मग कोंबड्यांचं खुराडं, दरवाजे, मोडका पलंग, आणि पाय नसलेला एक पियानो. गावाने वर्षानुवर्षं अडगळीत टाकलेलं सगळं होळीच्या नावाखाली माझ्या हिरवळीवर येऊन पडलं. ऑर्मरॉडांच्या हिरवळीला जपायचं, आणि माझी हिरवळ काय वाऱ्यावर पडली होती? पण मी हसून "या, या" म्हणत राहिलो.

शेजारच्या बेटनी हॅडोने नवऱ्याची डुलती खुर्ची आणून ढिगात खुपसली. संध्याकाळी तिचा नवरा डेंझिल कुंपणावरून उडी मारून आला आणि खुर्ची उपसून घेऊन गेला. सकाळी खुर्ची पुन्हा ढिगात. हे आठवडाभर चाललं. दोघांपैकी कुणीही एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर बोललं नाही, जे बोलायचं ते दोघंही येऊन मला बोलत. शिवाय ढीग कसा रचावा याचं शास्त्र गावात प्रत्येकाला येत होतं. एक म्हणे तंबूसारखा रचा, दुसरा म्हणे विहिरीसारखा. डेंझिल तर म्हणाला, "पिमबाई असत्या तर त्यांनी असला ढीग परसात ठेवूनच घेतला नसता."

"पिमबाईंनी परस दिलं नव्हतं, मी दिलंय!" मी ओरडलो.

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला आणि खुर्ची घेऊन गेला.

मध्येच जिल्ह्याच्या कचेरीतून एक बाई आल्या. हा सण आहे की कचऱ्याची विल्हेवाट, असा त्यांचा प्रश्न होता. सण असेल तर एक खातं, कचरा असेल तर दुसरं. मी छाती पुढे काढून सण म्हणालो. त्यांनी सोफ्याकडे पाहिलं, पियानोकडे पाहिलं आणि बराच वेळ काही लिहिलं नाही. मग म्हणाल्या, "पाच तारखेला वारा कुठल्या दिशेने वाहणार आहे, तेवढं आत्ताच सांगा." मी आयुष्यभर मुलांना वारे शिकवले, पण महिनाभर आधी वाऱ्याकडून कबुली घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं. मी नैर्ऋत्य म्हणालो. "नक्की ना?" त्यांनी विचारलं. मी नक्की म्हणालो, आणि तेव्हापासून रोज सकाळी बोट ओलं करून परसात उभा राहू लागलो.

आता पुतळ्याकडे येतो. आमच्या गावाला एक जुनी खोड आहे. पुतळा दरवर्षी गावातल्याच कुणाचा तरी करायचा. पबवाल्याने बिअरमध्ये पाणी घातलं तेव्हा तो जळाला, पाद्रीसाहेबांचं प्रवचन लांबलं तेव्हा ते जळाले. ज्याचा पुतळा त्यानेच होळीला काडी लावायची आणि पहिलं सॉसेज त्यालाच. लोक याला थट्टा म्हणतात. मला हा प्रकार रानटी वाटत आला आहे. शेजाऱ्याला जाळून वर त्याला सॉसेज द्यायचं, ही काय रीत झाली? माझ्या परसात मी असं होऊ देणार नव्हतो. मी पबमध्ये उभा राहून सांगितलं, "या वर्षीचा पुतळा कुणाचाही नसेल. कुणाच्याही प्रतिष्ठेला धक्का लागणार नाही." लोकांनी नाराजीने आपापल्या ग्लासात बघितलं.

त्यासाठी मी जी काळजी घेतली ती ऐका. पुतळ्याचे कपडे गावातल्या कुणाचे निघू नयेत म्हणून मी गावातलं धर्मादाय दुकान टाळलं. इस्पितळाला मदत म्हणून जुने कपडे विकणारं असं दुकान मार्लबरीलाही आहे. बस बदलत तिथवर जायला अर्धा दिवस मोडतो. तिथे मी मोहरीच्या रंगाचा एक चौकड्यांचा कोट आणि पीस खोचलेली हॅट घेतली. हेस्टरने गवत भरलं, उशीच्या अभ्र्याचं डोकं केलं आणि आम्ही रिवाजाप्रमाणे पुतळा फाटकाशी खुर्चीत बसवला. डेंझिलच्याच खुर्चीत, ती त्या सकाळी ढिगात रिकामीच होती.

त्या दिवसापासून गाव माझ्याशी फार चांगलं वागू लागलं. पाववाल्याने माझा खांदा दाबून म्हटलं, "छातीचा माणूस आहात!" पबमध्ये माझ्यासमोर न मागता ग्लास आला. क्विलबाईंनी मला रांगेतून पुढे बोलावलं आणि कुजबुजल्या, "कुणीतरी करायलाच हवं होतं हो. आमच्यात कुणाची हिंमत नव्हती." मला वाटलं, परस दिलं त्याचं हे कौतुक. मी तीन दिवस तरंगत होतो. मूर्ख माणसाला सुख झालं की ते असं दिसतं.

चौथ्या दिवशी सकाळी फाटकाशी एक म्हातारा, जाडजूड कुत्रा येऊन बसला. त्याने पुतळ्याच्या मांडीवर हनुवटी टेकली, सुस्कारा सोडला आणि शेपटी हलवू लागला. मी हाकललं, हेस्टरने बिस्किट दाखवलं, तो ढिम्म. तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, "मेजर! ए मेजर!" आणि गॉडफ्री ऑर्मरॉड रिकामा पट्टा हातात घेऊन वळणावरून आले. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं. मग कोटाकडे पाहिलं, मग हॅटकडे. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हा माझा कोट आहे," ते म्हणाले.

"शक्यच नाही! हा मी मार्लबरीहून आणला."

"डाव्या कोपराला ठिगळ आहे. मेजरने लहानपणी चावलं होतं."

ठिगळ होतं. मी इतका वेळ ते पाहिलंही नव्हतं.

"मेबल म्हणाली, धोब्याकडे हरवला," ते हळूच म्हणाले. ती त्यांची बायको. झालं होतं असं की मेबलबाईंना तो कोट डोळ्यांसमोर नको होता. पण अध्यक्षांचा कोट गावच्या दुकानाच्या काचेत लटकलेला चारचौघांनी बघितला असता, म्हणून त्यांनी तो बसने मार्लबरीला नेऊन दिला. आणि गावच्या कुणाचा कोट नको म्हणून मी बसने मार्लबरीला गेलो. पुढे चौकशीत कळलं की गावच्या धर्मादाय दुकानात गावचं कुणीच काही देत नाही. सगळं गाव एकमेकांपासून लपवायला आपले जुने कपडे मार्लबरीलाच नेतं. ही गोष्ट वीस वर्षांत मला एकानेही सांगितली नव्हती, कारण ती नव्या लोकांना सांगायची नसते.

"मी आत्ता काढतो," मी कोटाला हात घातला. मेजर गुरगुरला.

"काढू नका," ऑर्मरॉड ताठ होत म्हणाले. "आता काढलात तर लोक म्हणतील, अध्यक्षांनी दम दिला. राहू द्या. जाळा मला. फक्त ढिगाखाली हेजहॉग बघा आधी. हिवाळ्याला ते काटेरी जीव असल्या ढिगात शिरून झोपतात. मला जाळायचं तर जाळा, त्यांनी तुमचं काही केलेलं नाही." असं म्हणून त्यांनी मेजरला उचललं. कुत्रं त्यांच्या अर्ध्याएवढं होतं, तरी उचललं आणि गेले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्यावर, मेबलबाईंवर, मार्लबरीवर. मी पबमध्ये जाऊन ओरडून सांगितलं की हा अपघात आहे, मी ऑर्मरॉडांना जाळत नाही. सगळ्यांनी एकमेकांना डोळे मारले. "बरोबर आहे," पबवाला म्हणाला, "असंच म्हणत राहा." पुतळ्याला दुसरा कोट घालतो म्हणालो, तर क्विलबाई शिष्टमंडळ घेऊन घरी आल्या. "पिमबाईंच्या घरातून आजवर कुणी शब्द फिरवला नाही हो," त्या म्हणाल्या. तीन दिवस मी त्यांचा शूर माणूस होतो, आणि त्या घरात पुन्हा पिमबाई परतल्या.

पाच तारीख उजाडली. वारा ईशान्येचा होता, त्याबद्दल मी बोलत नाही. दुपारी मी ऑर्मरॉडांची आठवण ठेवून ढिगाखाली पोटावर सरपटत शिरलो. सोफ्याखाली वाळक्या पानांच्या गोळ्यात एक काटेरी हेजहॉग इतक्या गाढ झोपेत होता की माझ्या बॅटरीचा उजेड डोळ्यांवर पडला तरी तो हलला नाही. आमच्याकडे शेजाऱ्याला जाळलेलं चालतं, हेजहॉगला नाही. त्याला हलवायचं नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. म्हणजे ढीग हलवायचा. कुठे? तर माझ्या डेलियाच्या वाफ्यावर. थंडीच्या पहिल्या कडाक्याने पानं काळवंडली होती, पण कंद तिथेच होते. मी तोंड उघडलं तेवढ्यात अर्ध्या गावाने सोफा उचललाही होता.

साखळी लागली. पियानो गेला, खुराडं गेलं, दरवाजे गेले. मध्ये कुणीतरी माझ्या हातात पलंगाचं दुसरं टोक दिलं. मी वर पाहिलं तर समोरच्या टोकाला ऑर्मरॉड, चांगला सूट घालून, घाम पुसत. "ताठ धरा हो," ते खेकसले. आम्ही पलंग पोचवला. मग ते न बघताच म्हणाले, "तीस वर्षं अध्यक्ष आहे मी. डॉक्टर जळाला, पाद्री जळाला, तो चोरटा पबवाला दोनदा जळाला. मला कुणी कधी हात लावला नाही. मला वाटे, लोक मानतात. मेबल म्हणते, मी त्यांना आठवतच नसेन." मला एकदम त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आणि याचा मला फार राग आला, कारण मला त्यांच्यावर रागावून राहायचं होतं.

अंधार पडायच्या सुमाराला परस माणसांनी भरलं. भाजलेले बटाटे, आल्याचा केक, पाकातली सफरचंदं. वरच्या टिडलकोटचेही काही जण नाक वर करून आले होते. पुतळा चढवायची वेळ झाली, पण मेजर त्याच्यावर आडवा झाला होता. ओढलं तर दात दाखवी, सॉसेज दिलं तर खाई आणि पुन्हा आडवा होई. ऑर्मरॉड गुडघ्यावर बसून म्हणाले, "ऊठ रे बाबा, मी इकडे आहे." मेजरने त्यांच्याकडे पाहिलं, कोट हुंगला, आणि कोट निवडला. वरच्या गावाचे लोक हसायला लागले. एक तर म्हणाला, "यांची होळी यंदा कुत्र्याने बंद पाडली!"

ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमची होळी, आणि बंद? मी तरातरा पुढे झालो, पुतळ्याच्या अंगातून तो मोहरी रंगाचा कोट ओढून मेजरच्या अंगावर पांघरला, हॅट ऑर्मरॉडांच्या डोक्यावर ठेवली, आणि माझा स्वतःचा कोट काढून पुतळ्याला घातला. हिरवा, मेण लावलेला, पावसात पाण्याचा थेंब आत न घेणारा, शाळेने निरोपाला दिलेला कोट. माझी टोपीही घातली. "घ्या!" मी ओरडलो. "चढवा आता!"

मग डेंझिलने पुतळा खांद्यावर घेतला आणि शिडीवर चढला. पाववाल्याने माझ्या हातात पहिलं सॉसेज दिलं. ऑर्मरॉडांनी काडेपेटी पुढे केली. "रिवाज आहे," ते म्हणाले. ते थोडे निराश वाटले. मी काडी लावली. ईशान्येच्या वाऱ्याने जाळ असा धरला की क्विलबाई किंचाळल्या, आणि मी शर्टावर कुडकुडत, सॉसेज खात, माझा कोट जळताना बघत उभा राहिलो. शेजारी वरच्या टिडलकोटचा तो हसणारा इसम होता.

"कोण हो हा जळतोय?" त्याने विचारलं.

"तो मी आहे," मी चिडून म्हणालो.

तेवढ्यात हेस्टरने विचारलं, "लायनल, कोटाच्या खिशात काय होतं?"

मी सॉसेज चावायचा थांबलो. खिशात घराच्या किल्ल्या होत्या. पुढच्या दाराची, मागच्या दाराची, सगळ्या. गर्दी आत शिरू नये म्हणून मीच दोन्ही दारं ओढून घेतली होती. वर बघितलं तर माझा खिसा नुकताच पेटत होता.

"अगं बाई," क्विलबाई म्हणाल्या, "एवढंच ना? लायनल, तू गप उभा राहा." आणि तोंडाशी हात नेऊन त्या पोस्टातल्या आवाजात ओरडल्या, "पॉटिंजरच्या घराची किल्ली कुणाकुणाकडे आहे रे?"

पिमबाईंनी मरण्यापूर्वी गावात किल्ल्या वाटून ठेवल्या होत्या, आणि त्या मला परत द्याव्यात असं वीस वर्षांत एकालाही सुचलं नव्हतं. गावातला हवा तो माणूस हवा तेव्हा माझ्या घरात शिरू शकत होता. यावर मला संतापाने काहीतरी बोलायचं होतं. पण क्विलबाईंनी काय नाव घेतलं ते माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं. जाळाच्या उजेडात डेंझिलचा हात वर झाला, बेटनीचा झाला, पाववाल्याचा, पाद्रीसाहेबांचा, आणि सगळ्यात मागे हॅट घातलेल्या ऑर्मरॉडांचाही.